रोजच्या कामांसाठी गट-व्यायाम: धायरीतल्या सोसायटीत किंवा बागेत वर्ग कसा घ्यावा?

थोडक्यात

- खुर्चीतून उठणे, जिना चढणे, बादली उचलणे, जमिनीवरून उठणे या रोजच्या हालचालींचाच सराव म्हणजे फंक्शनल फिटनेस.
- चालणे हृदयासाठी उत्तम आहे. पण पडण्याचा धोका कमी करायचा असेल तर पायांची ताकद आणि तोल यांचा वेगळा सराव लागतो.
- खुर्ची, पायरी, भिंत, कापडी पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या एवढ्या सामानावर १२ जणांचा वर्ग चालतो.
- गट एक असला तरी प्रत्येकाची पातळी वेगळी असते. चांगला प्रशिक्षक प्रत्येक व्यायाम निदान तीन पातळ्यांवर सांगतो.
- व्यायाम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे, अचानक खूप धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर व्यायाम लगेच थांबवा.

हा लेख कोणासाठी?

"रोज सकाळी तासभर चालतो, पण खाली बसलो की उठायला आधार लागतो." साठीच्या पुढचे अनेक रुग्ण दवाखान्यात हे सांगतात. चालणे नियमित असते, साखर आणि रक्तदाबही बरे असतात, तरी मांडी घालून बसणे सुटलेले असते. देवपूजा खुर्चीवर आलेली असते, जिना उतरताना कठडा घट्ट धरावा लागतो. कुटुंबाला वाटते, वयच झाले. पण यातला बराच भाग वयाचा नसून न वापरलेल्या स्नायूंचा असतो, आणि तो सरावाने परत मिळवता येतो.

धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. जुन्या गावठाणातली पायऱ्यांची घरे, धायरी फाट्याजवळच्या लिफ्टच्या इमारती, डीएसके विश्वसारख्या चढावरच्या वसाहती आणि टेकडीवरचे धारेश्वर मंदिर असा हा परिसर आहे. सपाट रस्ता कमी आणि चढ-उतार जास्त. लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा घरात अडकतात. म्हणून इथल्या ज्येष्ठांना ताकद आणि तोल या दोन्हींची गरज रोज पडते.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: गटात व्यायाम सुरू करू पाहणारे रुग्ण, त्यांचे कुटुंबीय, आणि सोसायटीत, बागेत किंवा ज्येष्ठ नागरिक संघात वर्ग घेणारे प्रशिक्षक.

फंक्शनल फिटनेस म्हणजे काय?

जिममध्ये बऱ्याचदा एका वेळी एका स्नायूला व्यायाम दिला जातो. दंडाचा एक, मांडीचा दुसरा. रोजच्या कामात मात्र स्नायू असे सुटे चालत नाहीत. भाजीची पिशवी घेऊन बसची पायरी चढताना मांडी, नितंब, पोट, पाठ, खांदा आणि मनगट एकाच वेळी काम करतात आणि तोलही सांभाळावा लागतो. फंक्शनल व्यायामात अशा पूर्ण हालचालीचाच सराव होतो.

वयाच्या तिशीनंतर स्नायूंचे वजन दर दशकात साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी येते. ताकदीपेक्षाही लवकर कमी होतो तो स्नायूंचा झटकन आवळण्याचा वेग. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकता आला तर माणूस सावरतो, उशीर झाला तर पडतो. त्या पडण्यात खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरुणावरचे आठवडे आणि कायमचे परावलंबित्व यांची शक्यता वाढते.

फक्त चालणे पुरेसे का नाही?

२०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. त्यात घरी राहणाऱ्या २३,००० हून अधिक ज्येष्ठांचा समावेश होता. तोल आणि रोजच्या हालचाली यांचा व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळले. त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तर घट आणखी मोठी, सुमारे ३४ टक्के दिसली. केवळ चालण्याच्या कार्यक्रमांनी पडणे कमी होते असा ठोस पुरावा मात्र या आढाव्यात मिळाला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत:

- आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम, उदाहरणार्थ भरभर चालणे.
- आठवड्यातून किमान २ दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम.
- ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांवर भर असलेला मिश्र व्यायाम.

म्हणजे सकाळचे चालणे चालूच ठेवायचे. आठवड्यातले तीन दिवस त्याला या वर्गाची जोड द्यायची.

गटातच का?

एकट्याने सुरू केलेला व्यायाम पाहुणे आले, पाऊस आला की सुटतो. गटात मात्र दोन दिवस न दिसणाऱ्याला फोन जातो. आपल्याकडे याची चांगली उदाहरणे आहेत. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत एका उद्यानात हास्य क्लब सुरू केला आणि ती कल्पना जगभर पोहोचली. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा अनेक बागांत भरतात. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत. ताल आणि सोबत मिळाली की अडखळणारी पावलेही चालू लागतात, हे अशा वर्गांत दिसते.

तुमच्या परिसरात हास्ययोगाचा किंवा योगासनांचा गट आधीच असेल तर नवा वर्ग काढण्याची गरज नाही. त्याच गटाच्या वेळेत आठवड्यातून तीन दिवस पुढचे व्यायाम जोडता येतात.

सुरू करण्यापूर्वी: कोणी डॉक्टरांना विचारावे?

पुढीलपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला:

- गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा अर्धांगवायू
- चालताना छातीत दडपण किंवा दुखणे, विनाकारण धाप, छातीत धडधड
- विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक (त्या दिवशी व्यायाम करू नका आणि डॉक्टरांना लवकर दाखवा)
- गेल्या वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा पडणे, अथवा एकदा पडून दुखापत होणे
- गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया, मणक्याचे दबलेले हाड, तीव्र ऑस्टिओपोरोसिस
- डोळ्यांची अलीकडची शस्त्रक्रिया, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे पडद्यावर झालेला रक्तस्राव

यांतील बहुतेकांना व्यायाम वर्ज्य नसतो. फक्त काय टाळायचे आणि कुठून सुरुवात करायची हे ठरवावे लागते.

पहिल्या दिवशीच्या तीन सोप्या चाचण्या

या चाचण्यांतून प्रत्येकाची सुरुवात कुठून करायची ते कळते. प्रशिक्षकाने आकडे वहीत लिहून ठेवावेत. प्रत्येक चाचणीच्या वेळी एक जण शेजारी उभा हवा.

*१. तीस सेकंदांत उठ-बस.* भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. पुढच्या आकड्यांपेक्षा कमी वेळा जमले तर पडण्याचा धोका जास्त मानतात:

- ६० ते ६४ वर्षे: पुरुष १४, स्त्रिया १२
- ६५ ते ६९ वर्षे: पुरुष १२, स्त्रिया ११
- ७० ते ७४ वर्षे: पुरुष १२, स्त्रिया १०
- ७५ ते ७९ वर्षे: पुरुष ११, स्त्रिया १०
- ८० ते ८४ वर्षे: पुरुष १०, स्त्रिया ९

हे आकडे अमेरिकेत वापरले जाणारे आहेत, त्यामुळे त्यांचा उपयोग अंदाजापुरता करा. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर गुण शून्य लिहा आणि सोप्या पातळीपासून सुरुवात करा.

*२. उठा आणि चाला.* खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. नेहमीच्या वेगाने. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तोलाकडे विशेष लक्ष द्यावे.

*३. एका रेषेत पावले.* एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून आधाराशिवाय उभे राहायचे. १० सेकंद जमले नाही तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा.

जमिनीवर बसून हात न टेकता उठण्याचीही एक चाचणी आहे. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ गिल अराउजो यांच्या गटाने २०१२ मध्ये ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना बसता-उठताना जास्त आधार लागला त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ उठता न आल्याने मृत्यू ओढवतो असा नाही. ताकद, तोल, लवचिकता आणि वजन यांची एकत्रित अवस्था त्यातून दिसते. गुडघे दुखत असतील तर ही चाचणी करू नका.

५० मिनिटांचा वर्ग: आराखडा

*तयारी (८ मिनिटे).* जागेवर चालणे, खांदे फिरवणे, घोटे फिरवणे, हात वर करून बाजूला झुकणे, खुर्चीला धरून टाच-चवडा. शेवटच्या दोन मिनिटांत अंग थोडे तापले पाहिजे.

*सहा ठिकाणे (३० मिनिटे).* १२ जणांच्या सहा जोड्या करा. प्रत्येक ठिकाणी एक जण एक मिनिट करतो, दुसरा शेजारी उभा राहून लक्ष ठेवतो. मग अदलाबदल. पुढच्या ठिकाणी जायला अर्धा मिनिट. सहा ठिकाणांची एक फेरी १५ मिनिटांत होते. दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या दोन आठवड्यांत एकच फेरी पुरे.

*तोल (७ मिनिटे)* आणि *शांत होणे (५ मिनिटे).* शेवटी हलके ताण आणि संथ श्वास.

दम किती लागावा? बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. ही मध्यम दमाची ओळख आहे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी नाडीच्या ठोक्यांवर अवलंबून राहू नये, कारण या औषधांनी ठोके वाढत नाहीत. त्यांच्यासाठी बोलण्याची खूणच खरी.

सहा ठिकाणे, प्रत्येकी तीन पातळ्या

*१. खुर्ची: उठणे-बसणे.* कमोडवरून, रिक्षातून, सोफ्यावरून उठण्याची हीच हालचाल आहे. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे, छाती पुढे झुकवून उठायचे. बसताना धप्पकन न बसता तीन मोजत बसायचे.
- सोपी: खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, हातांचा आधार घ्या.
- मधली: हात छातीवर घडी घालून.
- पुढची: एक लिटरची भरलेली बाटली, म्हणजे सुमारे एक किलो, छातीशी धरून.

*२. पायरी: चढणे-उतरणे.* कठडा असलेल्या जिन्याची सर्वांत खालची पायरी वापरा. पूर्ण पाऊल पायरीवर आले पाहिजे.
- सोपी: कठडा धरून, फक्त पाऊल वर ठेवून परत खाली.
- मधली: कठड्याला बोटे लावून एक पायरी चढा-उतरा, अर्धा वेळ उजवा पाय आधी, अर्धा वेळ डावा.
- पुढची: एका हातात हलकी पिशवी घेऊन, दुसरा हात कठड्याजवळ.

एक गुडघा जास्त दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

*३. भिंत: ढकलणे.* जड दार ढकलणे, पडताना हात टेकून सावरणे यासाठी. भिंतीपासून एका हाताच्या अंतरावर उभे राहून तळवे खांद्याच्या उंचीवर टेका, कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्या, परत या.
- सोपी: भिंतीच्या जवळ उभे राहून.
- मधली: एक पाऊल मागे सरकून.
- पुढची: भिंतीऐवजी पक्क्या ओट्यावर हात टेकून.

*४. पट्टा: ओढणे.* वाकलेली पाठ सरळ ठेवणारे स्नायू यात काम करतात. व्यायामाचा रबरी पट्टा खांबाला अडकवून दोन्ही टोके पोटाकडे ओढा, खांद्याची पाती जवळ आणा. पट्टा नसेल तर दोघांनी जुनी सुती ओढणी धरून आळीपाळीने ओढावी, दुसऱ्याने हलका विरोध करावा.
- सोपी: खुर्चीत बसून.
- मधली: उभे राहून.
- पुढची: एक पाय पुढे ठेवून, जाड पट्ट्याने.

*५. पिशवी: उचलणे आणि नेणे.* बादली, किराणा, नातवंड. वस्तू शरीराजवळ आणा, कमरेऐवजी खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाका, उचलताना श्वास सोडा, उचललेली वस्तू हातात असताना कमरेत वळू नका. पाऊल टाकून सगळे शरीर वळवा.
- सोपी: स्टुलावरून एक किलोची पिशवी उचलून पाच पावले.
- मधली: दोन्ही हातांत समान वजन, दहा पावले.
- पुढची: एकाच हातात दोन ते तीन किलो, शरीर न झुकवता. परत येताना हात बदला.

*६. फळी: वर पोहोचणे.* डबा वरच्या फळीवर ठेवण्यासाठी. खांद्याच्या उंचीच्या कट्ट्यावर बाटली ठेवा-उतरवा.
- सोपी: रिकामी बाटली, एक हात आधाराला.
- मधली: अर्ध्या लिटरची भरलेली बाटली.
- पुढची: चवड्यांवर उंच होऊन, शेजारी भिंत हवीच.

तोलाचा सराव

भिंतीजवळ किंवा खुर्चीच्या पाठीमागे उभे राहा. दोन्ही हात आधाराला, मग एक हात, मग एक बोट, मग आधाराशिवाय असा क्रम ठेवा.

- पावले जुळवून, मग अर्धी पुढे-मागे, मग एका रेषेत. प्रत्येकी १० ते २० सेकंद.
- भिंतीलगत एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावले पुढे.
- खुर्चीच्या पाठीला धरून आडवी पावले, दोन्ही बाजूंना.
- चालता चालता मान डावी-उजवीकडे वळवणे, रस्ता ओलांडताना करतो तसे.
- चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करणे किंवा भाज्यांची नावे सांगणे. बोलताना पाऊल अडखळते का ते यात कळते.

डोळे मिटून उभे राहणे फक्त चांगला तोल असलेल्यांनी आणि कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून करावे.

जमिनीवरून उठणे: स्वतंत्र शिकवण्यासारखी गोष्ट

पडल्यावर दुखापत किरकोळ असली तरी उठता न आल्याने माणूस तासन् तास फरशीवर पडून राहतो. म्हणून दोन आठवड्यांतून एकदा सतरंजीवर हा सराव घ्यावा. ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांनी नुसते पाहावे आणि मदत कशी मागायची ते शिकावे.

१. आधी पडून राहा. कुठे दुखते, हातपाय हलतात का ते पाहा.
२. कुशीवर वळा. वरचा हात छातीसमोर जमिनीवर टेका.
३. हात आणि कोपर यांनी रेटा देऊन बाजूवर उठून बसा.
४. हात-गुडघ्यांवर या आणि पक्क्या खुर्चीकडे रांगत जा.
५. दोन्ही हात खुर्चीवर ठेवा. ताकदीच्या पायाचे पाऊल पुढे जमिनीवर टेका.
६. हात आणि त्या पायावर जोर देऊन उठा, वळून खुर्चीत बसा. लगेच चालू नका.

पडल्यावर खुब्यात तीव्र वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार लागला असेल तर उठवू नका. १०८ वर फोन करा. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवा.

आजारानुसार बदल

*उच्च रक्तदाब.* श्वास रोखून जोर लावू नका, त्याने दाब एकदम वाढतो. प्रशिक्षकाने मोठ्याने आकडे मोजायला लावावेत. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.

*मधुमेह.* इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी वर्गाला येऊ नये. आधी तपासलेली साखर ९० पेक्षा कमी असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके खा, उदाहरणार्थ एक केळे, आणि मगच सुरुवात करा. थरथर, घाम, गोंधळ जाणवला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी व्यायाम नको. घरी गेल्यावर तळवे पाहा.

*गुडघ्याची झीज.* व्यायामाने गुडघा आणखी झिजतो ही भीती चुकीची आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की वेदना कमी होतात. शून्य ते दहा या मापावर पाचपर्यंतचे दुखणे चालते, पण ते २४ तासांत पूर्वपदावर यायला हवे. आले नाही तर पुढच्या वेळी पातळी कमी करा.

*ऑस्टिओपोरोसिस.* पाठ गोल करून खाली वाकणे, वाकून पिळा देणे, पाठीवर झोपून उठबशा टाळा. ठिकाण १, ३ आणि ४ विशेष उपयोगी.

*काचबिंदू.* डोके खाली जाणाऱ्या स्थितींत डोळ्यातला दाब वाढतो. त्या टाळा.

*पार्किन्सन्स.* टाळ्यांचा किंवा गाण्याचा ठेका द्या. जमिनीवर खडूने आडव्या रेषा आखून त्या ओलांडायला सांगा. जागेवर गर्रकन वळण्याऐवजी मोठे अर्धवर्तुळ घेऊन वळायला शिकवा. औषधाचा परिणाम चांगला असण्याच्या वेळी वर्ग ठेवा.

प्रशिक्षकासाठी

- जागा: कोरडी, सपाट, उजेडाची. पावसाळ्यात पार्किंगच्या फरशीवर आणि बागेच्या वाटांवर शेवाळ धरते. त्या महिन्यांत सोसायटीचा हॉल घ्या. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या घसरतात. त्या भिंतीला टेकवा.
- पोशाख: मागे पट्टा असलेले किंवा पूर्ण बूट. सपाता नकोत. साडी किंवा ओढणी खोचून घ्यावी.
- वही: प्रत्येकाचे आजार, औषधे, घरच्यांचा फोन आणि चाचण्यांचे आकडे. ही माहिती खासगी आहे, गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका.
- भाषा: "अजून दहा!" म्हणण्यापेक्षा "आज बाजारातून पिशवी आणायची आहे, तशी उचला" असे सांगा. काम डोळ्यांसमोर आले की हालचाल बरोबर होते.
- चढाओढ टाळा. पंच्याहत्तरीच्या आजींनी पन्नाशीच्या शेजारणीशी बरोबरी करू नये. मागच्या महिन्याचा स्वतःचाच आकडा पुरेसा आहे.
- वाढ: एखादी पातळी सलग दोन आठवडे सहज जमली तरच पुढची. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वजन किंवा वेळ.
- प्रथमोपचार: छाती दाबण्याचे म्हणजे सीपीआरचे प्रशिक्षण घ्या. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, प्रौढात ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो.

*कुठून शिकावे?* फिट इंडिया मोहिमेने २०२० मध्ये वयोगटांनुसार व्यायामाचे नियम आणि चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यात ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटागो व्यायामक्रम पडणे टाळण्यासाठी जगभर वापरला जातो. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ ही १९२४ ची संस्था आहे आणि तिचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम चालवते. खुर्ची, पट्टा, दोर यांच्या आधाराने आसने कशी सोपी करावीत याचा मोठा वस्तुपाठ बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यातच घालून दिला. त्यांची रमामणी अय्यंगार योगसंस्था १९७५ पासून सुरू आहे. शक्य असेल तर महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टला वर्ग दाखवा.

कुटुंबीयांनी काय करावे?

व्यायामाने मिळवलेली ताकद घरात वापरली गेली तरच टिकते. आईला पाण्याचा तांब्या हातात आणून देण्यापेक्षा तिला उठू द्या, तुम्ही जवळ राहा. मात्र घरातले धोके दूर करा: न्हाणीघरात पकडायला दांडा, रात्री वाटेवर दिवा, सरकणारी पायपुसणी बंद, वायर भिंतीलगत. वर्षातून एकदा डोळे तपासा आणि सगळ्या औषधांचा डॉक्टरांकडून फेरआढावा घ्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोल जातो. जेवणात डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, अंडी किंवा मासे रोज हवेत. स्नायू प्रथिनांवर बांधले जातात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*किती दिवसांत फरक पडेल?*
आठवड्यातून तीन दिवस केल्यास सहा ते आठ आठवड्यांत उठणे-बसणे सोपे वाटू लागते. तोल सुधारायला जास्त वेळ लागतो. तीन महिन्यांनी तिन्ही चाचण्या पुन्हा करा. व्यायाम थांबवला की फायदा ओसरतो.

*गुडघ्यातून कट-कट आवाज येतो, चालेल का?*
वेदना किंवा सूज नसेल तर नुसत्या आवाजाची काळजी नको.

*बागेतल्या उघड्या जिमची यंत्रे वापरावीत का?*
सांधे मोकळे करायला ठीक. पण अनेक यंत्रांत वजन कमी-जास्त करता येत नाही आणि झुलणाऱ्या यंत्रांवर चढता-उतरताना तोल जातो. ज्यांची तोलाची चाचणी कमी आली त्यांनी ती टाळावीत.

*सूर्यनमस्कार पुरेसे नाहीत का?*
ज्यांना नीट जमतात त्यांनी जरूर घालावेत. त्यात ताकद आणि लवचिकता दोन्ही आहेत. पण एका पायावरचा तोल, पायरी आणि वजन नेणे त्यात येत नाही. काचबिंदू किंवा ठिसूळ हाडे असतील तर आधी विचारा.

*सिंहगड चढतो, मग हे कशाला?*
गड नियमित चढणाऱ्याच्या पायांत ताकद असतेच. त्याने ठिकाण ३, ४, ६ आणि तोलाचा सराव करावा. उतरताना गुडघे दुखत असतील तर ठिकाण २ सावकाश उतरण्यावर भर देऊन करावे.

व्यायाम ताबडतोब केव्हा थांबवाल?

- छाती, जबडा, खांदा किंवा डाव्या हातात दडपण, दुखणे
- भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम
- विश्रांतीनंतरही न थांबणारी धाप किंवा धडधड
- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- सांध्यात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ

पहिल्या चार लक्षणांत वाट पाहू नका. रुग्णाला बसवा किंवा झोपवा, एकटे सोडू नका आणि १०८ वर फोन करा. अर्धांगवायूची लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, उपचार त्यावर ठरतात.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

वर्ग सुरू केल्यानंतर पुन्हा पडलात, दोन महिने नियमित करूनही उठ-बस वाढली नाही, वजन विनाकारण घटते आहे, किंवा पडण्याच्या भीतीने घराबाहेर जाणेच बंद झाले आहे, तर भेटा. चाचण्यांची वही सोबत आणा. त्या आकड्यांवरून पुढचा निर्णय घेणे डॉक्टरांना सोपे जाते.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. स्वतःच्या आजाराबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*